राखेतून धातू बाहेर काढणारा हम्फ्री डेव्ही

पेठ : मे महिना सरत आला की पेठ, सुरगाणा, हरसूलच्या डोंगरपट्ट्यात राब भाजून झालेले असतात. पालापाचोळा, फांद्या, गवत, शेण रोपाच्या तुकड्यावर अंथरायचं, पेटवायचं, राख झाली की पावसाची वाट बघायची आणि मग त्यात नागली, वरई, भाताचं बी टाकायचं, ही इथली जुनी रीत. याच राखेनं घराघरात भांडी घासली गेली. कडधान्याला भुंगा लागू नये म्हणून हीच राख चोळली गेली. या राखेत चांदीसारखा चकाकणारा एक धातू आहे, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं. त्याचं नाव पोटॅशियम. खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे आकडे असतात, त्यातला शेवटचा आकडा पालाशचा, म्हणजे याच पोटॅशियमचा.

हा धातू जगात पहिल्यांदा ज्यानं डोळ्यांनी पाहिला, त्या हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाचा २९ मे हा स्मृतिदिन. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव खाणीतल्या सुरक्षित दिव्यापुरतं येतं. पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. क्षार वितळवून त्यातून वीज सोडली तर आत अडकलेला धातू सुटा होतो, हे त्यानं करून दाखवलं. आज घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं ज्या रीतीनं तयार होतं, तिचं मूळ तिथं आहे.

जमिनीच्या टोकाचं गाव

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा. गाव पेन्झन्स. इंग्लंडच्या नकाशात अगदी नैर्ऋत्येला, जमीन संपून समुद्र सुरू होतो तिथला हा कॉर्नवॉलचा मुलूख. आजूबाजूला कथील आणि तांब्याच्या खाणी, किनाऱ्याला मासेमारी. लंडन गाठायचं तर घोडागाडीनं काही दिवसांचा प्रवास. मोठी विद्या, मोठी माणसं, सगळं लांब.

बाप रॉबर्ट लाकडावर कोरीव काम करायचा. पाच भावंडांत हम्फ्री थोरला. शाळेत तो फार हुशार म्हणून गणला जात नव्हता, पण गोष्टी सांगायला बसला की पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. बोलून माणसं खिळवून ठेवायची ही कला त्याला पुढं आयुष्यभर कामाला आली.

१७९४ मध्ये बाप वारला. मागं कर्ज राहिलं. आई ग्रेसनं हिंमत धरली, बायकांच्या टोप्या आणि कपड्यांचं दुकान चालवलं आणि पोरांना सांभाळलं. कुटुंबाच्या जवळचे टोंकिन नावाचे एक म्हातारे डॉक्टर होते. लहानपणी आईबाप गेल्यावर ग्रेसला त्यांनीच वाढवलं होतं. त्यांनी हम्फ्रीला १७९५ मध्ये गावातल्या बोर्लेस या डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारीला लावलं. औषधं कुटायची, मिसळायची, रोग्यांकडे पोचवायची. कॉलेजचं तोंड त्यानं विद्यार्थी म्हणून कधी पाहिलंच नाही.

औषधं मिसळता मिसळता रसायनांचा नाद लागला. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचं पुस्तक त्यानं मूळ फ्रेंचमध्ये वाचून काढलं आणि माळ्यावर स्वतःचे प्रयोग सुरू केले. उपकरणं म्हणजे घरातले कप, बाटल्या आणि औषधाच्या दुकानातल्या नळ्या. किनाऱ्याला फुटलेल्या एका फ्रेंच जहाजावरच्या डॉक्टरनं त्याला आपली जुनी हत्यारं दिली. त्यात एनिमा द्यायची एक पिचकारी होती. तिचाच त्यानं हवा खेचायचा पंप केला. स्फोटांच्या आवाजानं टोंकिन वैतागायचे, पण पोराचं थांबलं नाही.

वायूंचा दवाखाना

वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटचा मुलगा ग्रेगरी तब्येतीसाठी पेन्झन्सला आला आणि डेव्हीच्या घरीच भाड्यानं राहिला. डेव्हीज गिडी नावाच्या एका जाणत्या गृहस्थाचंही या पोराकडं लक्ष गेलं. या ओळखींतून वाट फुटली. ऑक्टोबर १७९८ मध्ये, वीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, डेव्ही ब्रिस्टल शहरात डॉक्टर बेडोज यांच्या संस्थेत कामाला लागला. वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तपासायची ती जागा होती.

डेव्ही आधी स्वतःवरच प्रयोग करायचा. नायट्रस ऑक्साइड हुंगल्यावर त्याला हसू फुटलं, अंग हलकं झालं आणि अक्कलदाढेचं दुखणंही थांबलं. हाच तो हसवणारा वायू. १८०० साली त्यानं यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना थांबवायला हा वायू कामाला येईल असं सुचवलं. कोणी मनावर घेतलं नाही. दात काढताना तो प्रत्यक्ष वापरात यायला १८४४ साल उजाडलं. मधली चव्वेचाळीस वर्षं माणसं भूल न घेता कापली जात राहिली. एका दुसऱ्या प्रयोगात कोळशाचा विषारी वायू हुंगून डेव्ही स्वतः मरता मरता वाचला.

त्याच १८०० साली इटलीच्या व्होल्टानं विजेची पहिली बॅटरी जगापुढं मांडली. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला तुकडा, अशा जोड्या एकावर एक रचल्या की तारेतून सलग वीज वाहते. डेव्हीनं हे वाचलं आणि वायू मागं पडले. विजेनं पदार्थ तोडता येतात, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली.

लंडनचा वक्ता, शेतकऱ्याचा रसायनतज्ज्ञ

मार्च १८०१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाला. विज्ञान लोकांपर्यंत न्यावं म्हणून दोनच वर्षांपूर्वी निघालेली ही संस्था. पेन्झन्सच्या गोष्टीवेल्हाळ पोरानं तिथं व्यासपीठ गाजवलं. बोलता बोलता समोर प्रयोग करायचा, धूर निघायचा, ठिणग्या उडायच्या. सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर घोडागाड्यांची एवढी कोंडी व्हायची की तो रस्ता एकेरी वाहतुकीचा करावा लागला, असं सांगितलं जातं.

संस्थेनं त्याला सुरुवातीला दिलेलं काम मात्र व्याख्यानाचं नव्हतं, कातडी कमावण्याचं होतं. चामड्याच्या धंद्याला ओकच्या सालीऐवजी दुसरं काही मिळतं का, हे शोधायचं होतं. त्यासाठी हिंदुस्थानातून गेलेला कात त्यानं तपासला. एक नमुना बंगालचा, दुसरा मुंबईकडचा. खैराच्या लाकडापासून उकळून काढलेला हा कात कातडं कमवायला ओकच्या सालीपेक्षा कितीतरी पटीनं जोरदार आहे, असं त्याला आढळलं. पेठच्या जंगलात उभं असलेलं खैराचं झाड असं एका इंग्रज प्रयोगशाळेच्या वहीत सव्वादोनशे वर्षांपूर्वीच नोंदलं गेलं.

दुसरं काम शेतीचं. तिकडच्या शेती मंडळासाठी त्यानं जवळपास दहा वर्षं, १८१२ पर्यंत, दरवर्षी शेतीच्या रसायनावर व्याख्यानं दिली आणि १८१३ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. जमिनीतल्या मातीत काय आहे हे आधी तपासा, मग त्यात काय घालायचं ते ठरवा, हा त्याचा धडा. आज माती परीक्षणाचा कागद हातात घेऊन शेतकरी खताच्या दुकानात जातो, त्यामागचा विचार तोच आहे.

पाण्यानं दिलं नाही ते रसानं दिलं

राखेतलं पोटॅश माणसाला फार जुनं ठाऊक होतं. राख पाण्यात कालवायची, वरचं पाणी गाळून भांड्यात आटवायचं, तळाशी पांढरा खार राहतो. त्यात चुन्याची निवळी मिसळून पुन्हा आटवलं की आणखी जहाल, कातडी जाळणारा खार मिळतो. साबण, काच, रंगाई, सगळीकडे तो लागायचा. पण हा खार मुळात कशाचा बनलाय, हे कोणालाच फोडता आलं नव्हतं. तेव्हाच्या मूळ पदार्थांच्या यादीत चुनासुद्धा होता, कारण तोही कोणाला फुटला नव्हता.

डेव्हीचा अंदाज होता की पदार्थाचे घटक एकमेकांना विजेच्या ओढीनंच धरून ठेवतात. मग त्याहून जोरकस वीज लावली तर पकड सुटायला हवी. १८०६ च्या व्याख्यानात त्यानं हे मांडलं. त्याबद्दल फ्रान्सच्या विज्ञानसंस्थेनं त्याला बक्षीस जाहीर केलं, तेही इंग्लंड आणि फ्रान्समध्ये युद्ध चालू असताना.

आता खरी परीक्षा होती. संस्थेच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत त्यानं होत्या तेवढ्या बॅटऱ्या जोडल्या. तांबं आणि जस्ताच्या १२ इंची चौरस पत्र्यांची २४ जोड्यांची एक, ६ इंची १०० जोड्यांची दुसरी, ४ इंची १५० जोड्यांची तिसरी.

आधी त्यानं पोटॅश पाण्यात विरघळवून वीज सोडली. पाण्यात बुडबुडे आले, द्रावण तापलं, पण धातूचा पत्ता नाही. वीज आधी सोप्या गिऱ्हाइकाला गाठते. पोटॅशपेक्षा पाणी लवकर फुटतं, म्हणून एका तारेवर हायड्रोजन आणि दुसरीवर ऑक्सिजन निघत राहिला आणि पोटॅश जसंच्या तसं.

मग पाणी काढून टाकायचं ठरवलं. पण कोरड्या पोटॅशमधून वीज जाईचना. घट्ट क्षारात कण दावणीला बांधलेल्या जनावरासारखे असतात, जागचे हलत नाहीत. कण हलले नाहीत तर वीज वाहणार कशी?

उपाय एकच उरला, तो म्हणजे वितळवणं. वितळलं की दावं सुटतं, कण मोकळे फिरतात, आणि मध्ये पडायला पाणीही नसतं. डेव्हीनं प्लॅटिनमच्या चमच्यात पोटॅश घेतलं, खालून दिव्याच्या ज्योतीवर ऑक्सिजनचा झोत मारून ते वितळवलं आणि वीज सोडली. ऋण तारेपाशी झगझगीत उजेड आणि ज्वाळा दिसली. काहीतरी सुटं होत होतं, पण सुटं होताक्षणीच जळून जात होतं.

६ ऑक्टोबर १८०७ ला त्यानं रीत बदलली. पोटॅशचा खडा थोडा वेळ हवेत ठेवला. त्यानं हवेतला किंचित ओलावा ओढून घेतला, वीज शिरायला वाट होईल एवढाच. मग तो प्लॅटिनमच्या चकतीवर ठेवून चकती बॅटरीच्या ऋण टोकाला आणि वरची तार धन टोकाला जोडली. विजेच्याच उष्णतेनं खडा दोन्ही टोकांना वितळू लागला. वरून वायूचे बुडबुडे येऊ लागले आणि खालच्या बाजूला पाऱ्यासारखे चकचकीत बारीक थेंब दिसले. काही थेंब फट्‌कन फुटून पेटले, काही राहिले आणि बघता बघता त्यांच्यावर पांढरी पापडी आली. त्याचा चुलतभाऊ एडमंड मदतनीस म्हणून तिथं हजर होता. डेव्ही आनंदानं खोलीभर नाचत सुटला होता, अशी त्याची आठवण नोंदली गेली आहे.

हे थेंब म्हणजेच पोटॅशियम. सुरीनं लोण्यासारखा कापला जाणारा, पाण्यावर तरंगणारा आणि पाण्याला लागताच जांभळट ज्वाळेनं पेटणारा धातू. एवढ्या हलक्या पदार्थाला धातू म्हणायचं का, यावर तेव्हा वाद झाले. तो हवेत टिकत नव्हता, म्हणून डेव्हीनं तो खनिज तेलात बुडवून ठेवला. आजही कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम आणि सोडियम तेलाखालीच ठेवतात. हे धातू आणि जहाल क्षार डोळे आणि कातडी कायमची घालवू शकतात, त्यामुळे असले प्रयोग घरी करून बघायचे नसतात.

थोड्याच दिवसांत त्यानं सोड्याच्या खारातून त्याच रीतीनं सोडियम काढलं. आपल्या मिठात जो धातू बसलेला आहे, तो हाच.

मरणाच्या दारातून परत

१९ नोव्हेंबर १८०७ ला डेव्हीनं हे सगळं रॉयल सोसायटीपुढं मांडलं आणि चारच दिवसांत अंथरूण धरलं. तुरुंगातली हवा शुद्ध कशी करावी हे बघायला तो लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेला होता. तिथला ताप लागला असं लोक म्हणाले, अतिकष्टांनीही शरीर खचलं होतं. काही आठवडे तो जगतो की जातो अशी स्थिती होती. विचारपूस करणाऱ्यांची एवढी रीघ लागली की तब्येतीची खबर लिहून दारावर लावावी लागायची.

तो उठला आणि १८०८ मध्ये पुन्हा कामाला लागला. चुन्यातून कॅल्शियम, तसंच मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम, हे चार धातू त्यानं एका वर्षात दाखवले. या वेळी स्वीडनच्या बर्झेलियसकडून कळलेली युक्ती त्यानं वापरली. सुटा झालेला धातू पाऱ्यात धरायचा आणि मग पारा उडवून लावायचा. भिंतीला लावतो तो चुना, हाडातलं बळ आणि दुधातला गुण, या सगळ्यांत असलेला कॅल्शियम मुळात एक धातू आहे, हे जगाला तेव्हा कळलं. १८१० मध्ये त्यानं क्लोरीन हा मूळ पदार्थच आहे हेही दाखवून दिलं.

एक धातू मात्र हाती लागला नाही. तुरटीच्या मुळाशी धातू आहे हे त्यानं ओळखलं आणि त्याला नावही दिलं. आज आपण म्हणतो ते ॲल्युमिनियम हे नाव त्यातूनच आलं. पण त्याच्या ऑक्साइडची पकड डेव्हीच्या बॅटरीला सुटली नाही.

१८१२ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि तीनच दिवसांनी जेन अॅप्रीस या श्रीमंत विधवेशी त्याचं लग्न झालं. टोप्यांच्या दुकानावर वाढलेलं पोर आता बड्या लोकांत बसू लागलं.

खाणीतला दिवा

२५ मे १८१२ ला इंग्लंडच्या ईशान्येला फेलिंग इथल्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ जण मेले. त्यात पोरंही होती. खाणीत मिथेन वायू साठायचा आणि कामगाराच्या हातातला उघडा दिवा त्याला पेटवायचा. १८१५ मध्ये खाणवाल्या भागातल्या लोकांनी डेव्हीकडं धाव घेतली.

डेव्हीनं खाणीतला वायू मागवला आणि काही आठवडे त्यावर काम केलं. उपाय निघाला तो अगदी साधा, ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. जाळी ज्योतीची उष्णता ओढून घेते, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत जात नाही. जानेवारी १८१६ मध्ये तो दिवा खाणीत वापरून पाहिला गेला. पेटंट घेतलं असतं तर डेव्हीला रग्गड पैसा मिळाला असता. त्यानं ते घेतलं नाही, दिवा सगळ्यांना खुला ठेवला.

यालाही दुसरी बाजू आहे. दिवा सुरक्षित म्हणून मालकांनी माणसांना आणखी खोल, जास्त वायूच्या जागी पाठवलं आणि स्फोट काही थांबले नाहीत. वारा जोराचा असला तर जाळीचा दिवाही धोका द्यायचा. आणि एक वाद उभा राहिला. जॉर्ज स्टीफन्सन, पुढं रेल्वे इंजिनामुळं गाजलेला, तेव्हा खाणीतला एक यंत्रकामगार होता. त्यानंही त्याच सुमारास सुरक्षित दिवा बनवला होता. अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहितावाचता येत नव्हतं. असा माणूस स्वतःच्या डोक्यानं हे करू शकतो, हे डेव्हीला पटेना. त्यानं स्टीफन्सनवर चोरीचा आळ घेतला. स्थानिक लोकांनी चौकशी करून स्टीफन्सनची बाजू धरली आणि वर्गणी काढून त्याला १००० पौंड दिले. स्वतः कॉलेज न पाहिलेल्या डेव्हीनं दुसऱ्या न शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवला नाही, हा डाग त्याच्या चरित्रावर राहिला.

लोहाराचा पोर

असाच एक दुसरा पोर डेव्हीच्या दारात आला होता. मायकेल फॅरेडे, लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करणारा. बांधायला आलेली पुस्तकं वाचून तो शिकला. दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला १८१२ मध्ये डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेनं सगळं टिपून घेतलं, सुमारे ३०० पानांची वही स्वतः बांधली आणि काम मागायला डेव्हीकडं पाठवली.

त्याच सुमारास एका स्फोटात डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली होती आणि हाताखाली माणूस हवा होता. मार्च १८१३ मध्ये फॅरेडे आठवड्याला २५ शिलिंगांवर मदतनीस झाला. पुढं दीड वर्ष तो डेव्ही दांपत्याबरोबर युरोप फिरला. युद्ध चालू असताना नेपोलियननं डेव्हीला खास परवाना दिला होता. फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगानं सूर्याची उष्णता एकवटून त्यांनी हिरा जाळून पाहिला. हिरा आणि कोळसा एकाच मूळ पदार्थाचे आहेत याची खात्री पटली. या प्रवासात डेव्हीच्या बायकोनं फॅरेडेला नोकरासारखंच वागवलं.

फॅरेडे मोठा होत गेला तसा गुरूच्या मनात सल वाढला. १८२१ मध्ये फॅरेडेनं वीज आणि चुंबकाच्या जोरावर तार फिरवून दाखवली. त्याचं श्रेय कोणाचं यावर कुजबुज झाली. १८२० पासून डेव्ही रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. फॅरेडेला सभासद करायचा प्रस्ताव आला तेव्हा त्यानं विरोध केला, अर्ज मागे घ्यायलाही सांगितलं. फॅरेडेनं ऐकलं नाही. १८२४ च्या जानेवारीत गुप्त मतदान झालं आणि एकच मत विरोधात पडलं. फॅरेडे निवडून आला. मात्र पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून फॅरेडेची नेमणूक झाली, तीही डेव्हीच्याच शिफारशीनं. माणूस एका रंगाचा नव्हता.

शेवटची वर्षं

१८२४ नंतर डेव्हीला उतरती कळा लागली. युद्धनौकांच्या बुडाला लावलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यानं झिजायचा. त्याला जस्त किंवा लोखंडाचा तुकडा जोडला तर तांबं वाचतं, हे डेव्हीनं अचूक सांगितलं. तांबं वाचलंही. पण तांबं विरघळायचं थांबल्यामुळं त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजाच्या बुडाला शिंपले आणि शेवाळाचे थर बसून जहाजं मंदावली. नौदलानं तो प्रयोग सोडला आणि लोक हसले. आज जमिनीखालच्या लोखंडी पाइपलाइन आणि जहाजं गंजू नयेत म्हणून नेमकी हीच युक्ती वापरली जाते.

डिसेंबर १८२६ च्या सुमारास त्याला अर्धांगाचा झटका आला. १८२७ मध्ये त्यानं अध्यक्षपद सोडलं आणि तब्येतीसाठी युरोपात फिरत राहिला. नदीकाठी मासे धरायचे आणि लिहायचं, एवढंच उरलं. २९ मे १८२९ ला स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात तो गेला. वय पन्नास. मूलबाळ नव्हतं. तिथंच त्याला पुरलं. पेन्झन्सच्या बाजाररस्त्यावर त्याचा पुतळा आहे, १८७२ मध्ये बसवलेला.

पुढं काय झालं

डेव्हीचं अर्धं राहिलेलं काम फॅरेडेनं उचललं. १८३३ च्या हिवाळ्यात त्याच्या लक्षात आलं की पाण्यातून वाहणारी वीज पाण्याचं बर्फ झालं की थांबते. मग त्यानं एकामागून एक क्षार वितळवून पाहिले. घट्ट असताना बहुतेकांतून वीज जात नाही, वितळले की जाते. किती वीज सोडली तर किती धातू सुटतो, याचा हिशेब त्यानं मांडला. हे नियम आज बारावीच्या पुस्तकात आहेत.

ॲल्युमिनियमला मात्र १८८६ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघेही जेमतेम तेविशीचे, एकमेकांना न ओळखता एकाच युक्तीवर पोचले. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड वितळायला २००० अंशांहून जास्त तापमान लागतं. पण क्रायोलाइट नावाचा क्षार वितळवून त्यात ते ऑक्साइड विरघळवलं, तर साडेनऊशे अंशांच्या आसपास काम होतं. मग वीज सोडली की तळाशी वितळलेलं ॲल्युमिनियम साठतं. पाणी नाही, वितळलेला क्षार, आणि वीज. रीत डेव्हीचीच. त्याआधी चांदीच्या भावानं मिळणारा हा धातू यानंतर चुलीवरच्या पातेल्यात, एसटीच्या पत्र्यात आणि मोबाइलच्या बॅटरीतल्या पातळ पापुद्र्यात येऊन बसला. सोडियमही आज वितळलेल्या मिठातूनच काढतात.

ॲल्युमिनियमची माती सह्याद्रीतही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत आणि बेळगावात बॉक्साइटपासून ॲल्युमिनियमचं ऑक्साइड करणारा कारखाना आहे. पण ऑक्साइडपासून धातू काढायचा तर वीज ढीगभर लागते. किलोभर ॲल्युमिनियमला साधारण १३ ते १५ युनिट. लहान घराला एवढी वीज काही दिवस सहज पुरते. म्हणून असे कारखाने भरपूर आणि स्वस्त वीज असेल तिथंच उभे राहतात.

पालाश खताची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी. भारताला लागणारं पोटॅश जवळजवळ सगळं परदेशातून येतं. चुलीची राख थोड्या प्रमाणात तेच पोटॅश शेताला देते. म्हणून स्वच्छ लाकडाची राख उकिरड्यावर न टाकता परसातल्या झाडांना थोडी थोडी घालता येते. फार टाकली तर मात्र जमिनीचा खारपणा वाढतो.

आणि ॲल्युमिनियमचं फुटकं पातेलं भंगारवाला हौसेनं का नेतो, याचं उत्तरही इथंच आहे. मातीतून धातू सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या फक्त ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुनं ॲल्युमिनियम वितळून नवं होतं. वीज खर्चून एकदा सोडवलेला धातू पुन्हा सोडवावा लागत नाही. त्यामुळं जुनी भांडी विकताना भाव आधी दोन ठिकाणी विचारून घेतलेला बरा.